मोरियासूंची वही आणि मोरियासूंचा नमस्कार : एका जपानी प्रशिक्षकाची ऑनलाइन लोकप्रियता नेमकी कशाची?

कोपरा_किक (धागाकर्ता)

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी टोकियोत झालेल्या मैत्रीपूर्ण सामन्यात जपानने ब्राझीलला ३-२ असे हरवले. मध्यंतराला ०-२ अशा पिछाडीवर असलेल्या संघाने उत्तरार्धात मिनामिनो, नाकामुरा आणि उएदा यांच्या गोलांवर सामना फिरवला आणि ब्राझीलविरुद्धचा आपला पहिलावहिला विजय नोंदवला. चर्चा या तीन गोलांची व्हायला हवी होती. माझ्यासमोर मात्र समाजमाध्यमांवर पुन्हा येऊ लागली ती प्रशिक्षक हाजिमे मोरियासू यांची वही, आणि तिच्या पाठोपाठ २०२२ च्या कतार विश्वचषकात हरल्यावर पाठीराख्यांना कमरेत वाकून नमस्कार करतानाचे त्यांचे ते छायाचित्र. म्हणून हा धागा.

ज्यांनी जपानी फुटबॉल फारसा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. मोरियासूंचा जन्म १९६८ चा, बालपण नागासाकीचे. बचावफळीच्या पुढ्यात उभे राहून समोरच्याचे डाव मोडायचे, चेंडू हिसकावायचा आणि जवळच्या सहकाऱ्याकडे सरकवून द्यायचा, असे न दिसणारे काम करणारे ते मधल्या फळीतले खेळाडू होते. १९८७ साली ते माझदा कंपनीच्या संघात गेले; तोच संघ पुढे सानफ्रेचे हिरोशिमा झाला. राष्ट्रीय संघाकडून त्यांनी ३५ सामने खेळले. निवृत्तीनंतर २०१२ मध्ये ते हिरोशिमाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि २०१२, २०१३ व २०१५ अशी जे-लीगची, म्हणजे जपानच्या व्यावसायिक लीगची, तीन विजेतेपदे त्यांनी मिळवून दिली. २०१८ च्या विश्वचषकानंतर राष्ट्रीय संघ त्यांच्या हाती आला.

एवढ्या कारकिर्दीत ऑनलाइन गाजावे असे काहीच नाही, हे लक्षात घ्या. पत्रकार परिषदेत खटकेबाज वाक्य नाही, सीमारेषेवर नाच नाही, पंचांशी हुज्जत नाही. तरीही २०२२ च्या विश्वचषकात जपानने जर्मनीला २-१ असे हरवल्यावर काही तासांत या माणसाची वही जगभर पोहोचली. त्या सामन्यात जर्मनीच्या गुंदोआनच्या पेनल्टीमुळे जपान मागे होता. मध्यंतराला मोरियासूंनी कुबोला बाहेर घेऊन तोमियासूला आणले आणि मागे तीन बचावपटू लावले; मग एकामागून एक मितोमा, असानो, दोआन आणि मिनामिनो मैदानात उतरले. मिनामिनो आला आणि जवळजवळ लगेचच, मितोमाच्या पासवर, त्याचा फटका जर्मन गोलरक्षक नॉयरने अडवला, सुटलेला चेंडू दोआनने जाळ्यात मारला. ८३ व्या मिनिटाला असानोने दुसरा गोल केला. दोन्ही गोल बदली खेळाडूंचे, आणि कॅमेरा प्रशिक्षकाकडे वळला की दिसत होते ते हातातली वही उघडून दोन ओळी लिहिणारे आणि पुन्हा मैदानाकडे पाहणारे मोरियासू. ज्या वहीत नाव लिहिले की तो माणूस मरतो अशी कल्पना असलेली एक जपानी मंगा (चित्रकथा) जगभर वाचली जाते. परदेशी चाहत्यांनी त्या वहीशी या वहीचा संबंध जोडला, आणि मीम तयार झाले.

माझे म्हणणे असे की, ही लोकप्रियता मोरियासूंच्या फुटबॉलची नाही. त्या वहीत काय लिहिलेले असते हे पाहणाऱ्याला कळत नाही, आणि कळत नाही म्हणूनच प्रत्येकाला तिच्यात आपल्या पसंतीचे काहीही वाचता येते. बोलका प्रशिक्षक स्वतःची प्रतिमा स्वतः घडवतो. या गृहस्थांनी ते काम केले नाही, तेव्हा ते लोकांनी करून टाकले. आपल्याला काय वाटते?

अनघा_व

छान धागा. पण नमस्काराला तुम्ही वहीच्या पंगतीत बसवले, ते मला पटत नाही. वही हा विनोद होता. नमस्काराचे तसे नव्हते. ५ डिसेंबर २०२२ रोजी क्रोएशियाविरुद्ध १-१ अशी बरोबरी झाल्यावर जपान पेनल्टीत ३-१ ने हरला, आणि त्यानंतर हा माणूस आपल्या पाठीराख्यांसमोर जाऊन बराच वेळ वाकून उभा राहिला. त्या चित्राखाली लोकांनी विनोद केले नाहीत, आदर व्यक्त केला. हरलेल्या प्रशिक्षकाने प्रेक्षकांप्रती आपली जबाबदारी मानणे ही गोष्ट आपल्याकडच्या खेळांत कितीदा दिसते?

निशिकासाईकर

मी टोकियोच्या एदोगावा भागात राहतो, इथे मराठी माणसांचा राबता बराच आहे आणि विश्वचषकाच्या काळात आमच्या गटांतही हे चित्र फिरत होते. म्हणून इथली बाजू जरा सविस्तर मांडतो, कारण भारतात बसून जे दिसते आणि इथे जे दिसते त्यांत फार अंतर आहे.

नमस्कारापासून सुरुवात करू. इथे जे-लीगचा कोणताही सामना पाहायला जा; शिट्टी वाजल्यावर दोन्ही संघ, हरलेला असो वा जिंकलेला, आपापल्या पाठीराख्यांच्या गॅलरीसमोर रांगेत उभे राहतात आणि एकदम वाकतात. संघ फारच वाईट खेळला असेल तर त्या वाकलेल्या पाठींवर शिट्ट्या आणि ओरडाही पडतो. मोरियासूंनी खेळाडू म्हणून आणि नंतर प्रशिक्षक म्हणून हे किती वेळा केले असेल याची गणतीच नको. तेव्हा क्रोएशियाच्या सामन्यानंतर अल जनूब स्टेडियममध्ये त्यांनी जे केले ते मनापासून केले याबद्दल मला शंका नाही, पण ते असाधारण मुळीच नव्हते. असाधारण होते ते पाहणारे, कारण जगाने ही रीत त्या दिवशी प्रथमच एवढ्या जवळून पाहिली. प्रेक्षकांनी गॅलरीतला कचरा उचलण्याचेही तेच. जपानी पाठीराखे तो फार पूर्वीपासून उचलत आहेत, दर विश्वचषकात जग नव्याने थक्क होते.

आता दुसरी गोष्ट. देशात मोरियासू लोकप्रिय होते का? सप्टेंबर २०२१ मध्ये विश्वचषकाच्या अंतिम पात्रता फेरीचा पहिलाच सामना जपान घरच्या मैदानावर ओमानकडून ०-१ असा हरला. ऑक्टोबरमध्ये जेद्दाहला सौदी अरेबियाकडूनही ०-१. त्या रात्री मोरियासूंना काढून टाका अशी मागणी करणारा हॅशटॅग ट्विटरवर वर चढला आणि पुढे कित्येक महिने तो अधूनमधून डोके वर काढत राहिला. पाचच दिवसांनी सैतामात ऑस्ट्रेलियाशी गाठ होती. राष्ट्रगीताच्या वेळी कॅमेरा त्यांच्यावर स्थिरावला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. सामना जपानने २-१ असा जिंकला, पण त्या अश्रूंचीही काही लोकांनी टिंगलच केली. एका वर्षानंतर तेच डोळे भरून येणे हे त्यांच्या देशप्रेमाचे आणि निष्ठेचे प्रतीक झाले. माणूस तोच, राष्ट्रगीत तेच.

कतारमध्ये तर हे चक्र इतके वेगाने फिरले की हसू यावे. २३ नोव्हेंबरला जर्मनी हरली, आणि कालपर्यंत शिव्या घालणारे लोक माफीच्या पोस्ट टाकू लागले. २७ तारखेला कोस्टारिकाने ८१ व्या मिनिटाच्या गोलावर जपानला हरवले. माफ्या परत घेतल्या गेल्या. डिसेंबर उजाडताच स्पेन २-१ ने हरला; माफ्या पुन्हा आल्या. जपानीत याला तळहात उलटा करणे म्हणतात आणि त्या दहा दिवसांत आपापल्या तळहातांवर विनोद करणे हाच एक स्वतंत्र खेळ होऊन बसला होता.

त्यांचे इथले टोपणनाव ‘पोइची’. नाव लिहिण्याची चित्राक्षरे चुकीच्या जागी तोडून वाचली गेल्यामुळे ते पडले आणि चिकटले. चाहते रागात असले तरी आणि प्रेमात असले तरी हेच नाव वापरतात.

रंकाळा_राखीव

आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने पाहणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. पूर्वार्धात ज्याच्या नावाने बोटे मोडायची त्यालाच उत्तरार्धात खांद्यावर घ्यायचे. फरक एवढाच, की आमच्याकडची ओरड गॅलरीबाहेर पडेपर्यंत विरलेली असते. ट्विटरवरची लिहिलेली राहते, आणि कुणीतरी ती वर्षभराने शोधून काढून त्याच माणसाच्या तोंडावर मारतो.

बाकी एक प्रश्न आहे. स्पेनचा सामना आपल्याकडे मध्यरात्री साडेबाराला सुरू झाला होता, जिओसिनेमावर फुकट दिसत असल्याने तो पाहणारे पुष्कळ होते. मितोमाने रेषेवरून परत फिरवलेला तो चेंडू आत होता की बाहेर, याचीच चर्चा आमच्याकडे चार दिवस चालली. मग जपानमध्ये त्या विजयाचा नायक मोरियासू होते की मितोमा?

निशिकासाईकर

मितोमा, यात वादच नाही. चेंडूचा जेमतेम दोन मिलिमीटरएवढा भाग रेषेच्या वर होता, त्यामुळे तो खेळात धरला गेला, आणि त्याच्या पासवर तनाकाने गोल केला. ‘मितोमाचा एक मिलिमीटर’ हे शब्द इथे घराघरांत पोहोचले. त्या विश्वचषकातला ऑनलाइन गाजलेला आणखी एक माणूस म्हणजे जपानचा माजी खेळाडू केइसुके होंदा. अबेमा या स्ट्रीमिंग सेवेने चौसष्टच्या चौसष्ट सामने विनामूल्य दाखवले आणि होंदांनी जपानच्या सामन्यांचे समालोचन केले. समालोचकाचा गंभीर सूर सोडून ते चाहत्यासारखे कुरकुरत, ओरडत, सूचना देत बोलले. ते ऐकण्यासाठी लोक टीव्ही सोडून तिकडे गेले. गर्दी इतकी झाली की सेवेला प्रवेश मर्यादित करावा लागला. तेव्हा देशात होंदांचा आवाज आणि मितोमाचा मिलिमीटर, तर परदेशात मोरियासूंची वही आणि नमस्कार, अशी ती वाटणी होती. देशात मोरियासूंचे वजन वाढले ते प्रामुख्याने निकालांमुळे.

विघ्नसंतोषी

इतके सगळे वाचूनही मूळ गोष्ट कोणी बोलत नाही असे वाटते, म्हणून जरा कडू लिहितो. पाश्चात्त्य माध्यमांना आणि त्यांच्यामागे जाणाऱ्या आपल्यासारख्यांना जपानी माणूस ठराविक साच्यातच आवडतो. तो नम्र हवा, शिस्तीचा हवा, कमी बोलणारा हवा, हरला की वाकणारा हवा. मोरियासू त्या साच्यात चपखल बसले. स्पेनविरुद्ध जपानकडे चेंडू किती वेळ होता? १७.७ टक्के. विश्वचषकात इतका कमी ताबा ठेवून आजवर, म्हणजे नोंदी ठेवल्या जाऊ लागल्यापासून, कोणी जिंकलेले नाही. हा डावपेच म्हणून थरारक आहे; कोंडून घ्यायचे, मध्यंतराला दोआन आणि मितोमा यांना आणायचे, आणि पहिल्या काही मिनिटांतच अंगावर धावून जायचे. त्यात नम्रतेचा लवलेश नाही, ते शुद्ध धारिष्ट्य आहे. दोन्ही युरोपीय संघांना मध्यंतरानंतर एकाच पद्धतीने पकडणाऱ्या प्रशिक्षकाला ‘सौम्य जपानी सद्गृहस्थ’ म्हणून गौरवणे ही स्तुती आहे की दुर्लक्ष?

अनघा_व

साच्याचा मुद्दा रास्त आहे, परंतु त्याच्या आडून भावनेलाच खोटे ठरवू नये. मला ते चित्र भिडले ते जपानविषयीच्या कल्पनेमुळे नव्हे, तर त्या माणसाच्या इतिहासामुळे. २८ ऑक्टोबर १९९३ रोजी दोहातच जपान इराकविरुद्ध २-१ ने पुढे होता, काही क्षण टिकले असते तर १९९४ च्या विश्वचषकाचे तिकीट होते, आणि भरपाईच्या वेळेत कॉर्नरवरून इराकने बरोबरी साधली. जपान ज्याला दोहाची शोकांतिका म्हणतो त्या सामन्यात मोरियासू मैदानात होते. एकोणतीस वर्षांनी त्याच शहरात, जर्मनीविरुद्ध एका गोलाची आघाडी असताना, शेवटच्या मिनिटाला आपल्याला १९९३ आठवले असे त्यांनी सामन्यानंतर सांगितले. पण आपले खेळाडू मागे न सरता पुढे होऊन चेंडू हिसकावायला जाताना पाहून काळ बदलल्याचे जाणवले, असेही ते म्हणाले. हे ठाऊक असणाऱ्याला त्या नमस्कारात तेवढा साचाच दिसेल असे नाही.

कोपरा_किक (धागाकर्ता)

अनघाताई, १९९३ चा संदर्भ महत्त्वाचा आहे, पण ते चित्र पुढे पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो ठाऊक नव्हता, हेही तितकेच खरे. मीमला इतिहास लागत नाही.

विघ्नसंतोषी यांच्या मुद्द्यात मात्र भर घालतो. विश्वचषकानंतर जपानने मोरियासूंना कायम ठेवले. एका विश्वचषकानंतर पुढच्या विश्वचषकासाठी त्याच प्रशिक्षकावर विश्वास टाकण्याची ती जपानची पहिलीच वेळ. त्यानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये वोल्फ्सबुर्गला जर्मनीला ४-१ असे हरवले आणि दुसऱ्याच दिवशी जर्मनीने आपल्या प्रशिक्षकाला, हान्सी फ्लिक यांना, निरोप दिला. हा निकाल दोहातल्यापेक्षा किती तरी मोठा आहे, कारण यात बचाव करून संधी साधणे नव्हते, जपान उघड वरचढ होता. तरी त्या सामन्यातले एकही चित्र वहीइतके फिरले नाही. उलट २०२४ च्या सुरुवातीला आशियाई करंडकात इराककडून साखळीत आणि इराणकडून उपांत्यपूर्व फेरीत हरल्यावर देशातला सूर पुन्हा बिघडला. इराणविरुद्ध बदली खेळाडू वेळेवर का आणले नाहीत, यावर लोक तुटून पडले. म्हणजे वही जादूची ठरली ती जिंकलेल्या दिवशीच.

म्हापशेकार

आशियाई करंडकाचा उल्लेख आलाच आहे तर त्याची काळी बाजूही नोंदवली पाहिजे. त्या स्पर्धेत तरुण गोलरक्षक झायन सुझुकी याला समाजमाध्यमांवर वंशद्वेषी शिवीगाळ सहन करावी लागली, आणि ते त्याने स्वतः पत्रकारांना सांगितले. ज्या माध्यमाने प्रशिक्षकाला नम्रतेचा पुतळा बनवले त्याच माध्यमाने एका एकवीस वर्षांच्या खेळाडूला त्याच्या रंगावरून हिणवले. मोरियासूंच्या बाबतीतही काढून टाका म्हणणारे आणि मीम करणारे वेगवेगळ्या ग्रहांवरून आलेले नव्हते. गोव्यात आम्ही फुटबॉल पुष्कळ पाहतो आणि त्यावरून भांडतोही पुष्कळ. पण समोरासमोर भांडताना जी भीड पडते ती तिथे कोणालाच नसते.

विघ्नसंतोषी

सहमत. सुझुकीला पुढेही संघात ठेवण्याचा निर्णय मोरियासूंचा होता, आणि तो इटलीत पार्माकडे गेला. वहीच्या मीममध्ये हे कुठे येते?

रंकाळा_राखीव

आता मुख्य विषयावर एक शंका, कारण वर कोणी त्याला हात घातला नाही. क्रोएशियाविरुद्ध पेनल्टी कोण मारणार हे मोरियासूंनी ठरवले नव्हते, खेळाडूंनी स्वतः पुढे यायचे असे ठरले होते, असे वाचले होते. हे खरे आहे का? खरे असेल तर मग त्या वहीत पाच नावे लिहायची राहिली, असे म्हणायला हरकत नाही.

निशिकासाईकर

खरे आहे, आणि जपानमध्ये मोरियासूंवर जी टीका विचारपूर्वक झाली तिच्यातला हा सर्वांत टोकदार मुद्दा आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये न्यूझीलंडविरुद्धही हीच पद्धत होती, आणि तेव्हा जपान जिंकल्यामुळे कोणी प्रश्न विचारला नाही. क्रोएशियाच्या वेळी कोण पुढे येतो असे विचारल्यावर क्षणभर कोणीच हात वर केला नाही आणि मग मिनामिनोने पहिली पेनल्टी मागून घेतली. ती क्रोएशियाचा गोलरक्षक लिवाकोविच याने अडवली, पाठोपाठ मितोमाची आणि कर्णधार योशिदाचीही अडवली. समर्थकांचे म्हणणे असे की, ज्याला आत्मविश्वास आहे त्यानेच मारावी, हा खेळाडूंवरचा विश्वास आहे. विरोधकांचे म्हणणे असे की, पाच नावे ठरवणे ही जबाबदारी प्रशिक्षकाची आहे, कारण त्याने ठरवले तर चुकलेल्या पेनल्टीचा भार त्याच्यावर येतो आणि स्वतः हात वर करून चुकलेल्या खेळाडूवर तो कायमचा राहतो. मला दुसरी बाजू अधिक पटते. सामन्यानंतर प्रेक्षकांपुढे वाकून पराभवाची जबाबदारी घेणे वेगळे, आणि सामन्याच्या आत, निर्णयाच्या क्षणी ती घेणे वेगळे. जगाने पहिल्याचे चित्र काढले, दुसऱ्याचे चित्र निघत नाही.

योगायोग असा की ब्राझीलविरुद्धचा पहिला गोल मिनामिनोचा होता, आणि त्या दिवशी संघाचा कर्णधारही तोच होता.

अनघा_व

ही माहिती नवीन होती, आभार. तरी एक लक्षात घ्या, मोरियासू स्वतः ज्या जागेवर खेळले तिथला खेळाडू सगळे काम करून चेंडू दुसऱ्याला देतो. पेनल्टीचा निर्णय खेळाडूंना देणे हे जबाबदारी टाळणे होते की त्यांच्या जुन्या सवयीचा भाग, हे मी ठरवू शकत नाही.

कोपरा_किक (धागाकर्ता)

सवय असली तरी बाद फेरीत ती महाग पडली, एवढे तर निकालावरून दिसते. २०२६ च्या विश्वचषकासाठी यजमान देश सोडून सर्वांत आधी पात्र ठरला तो जपानच, मार्च २०२५ मध्ये बहारीनला २-० असे हरवून. त्यामुळे हा प्रश्न पुन्हा येण्याची शक्यता भरपूर आहे. वहीचे मीम तेव्हाही येतील. मला मात्र वहीपेक्षा पुढच्या शूटआउटच्या आधी मैदानावर जो घोळका जमतो त्यात जास्त रस आहे : मोरियासू पाच नावे सांगतात, की पुन्हा कोण येतो असे विचारतात.

म्हापशेकार

आणि विचारलेच, तर या वेळी पहिला हात कोणाचा वर जातो तेही पाहू. माझे मत उएदाला.